वातुमेरेचा हिरवा ठिपका

१

वातुमेरेची चौकी मेलेली होती तेव्हा ओम बेनोनी जिवंत होता. ओम बेनोनी गेला, आणि त्याच्या जाण्याची बातमी आंबोन शहरात पोचली त्याच दुपारी चौकी जिवंत झाली. मधल्या काळात त्या बेटावर कोणीही उतरलं नव्हतं. उतरणार कसं, वादळानं समुद्र बंद होता.

हे मला ओर्पानं सांगितलं, ओम बेनोनीच्या, म्हणजे बेनोनीकाकाच्या, थोरल्या मुलीनं. आम्ही दोघी चर्चच्या एकाच गानमंडळात गातो. ती इथल्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत नर्स आहे आणि मी पॉलिटेक्निकात नेटवर्क शिकवते. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोरचा पिवळा भात निवत चालला होता आणि ती बोलत होती. मला कोणी पाल्हाळ लावलं की माझं डोकं उठतं, सगळ्या शहराला ते माहीत आहे. पण त्या दिवशी मी तिला मधे तोडलं नाही.

प्रकरण असं होतं. इथल्या बोटवाल्यांच्या सहकारी संस्थेनं छोट्या बेटांवर हवामानाच्या चौक्या उभ्या केल्यात. एक उंच खांब, वर वारा मोजणारं यंत्र, खाली पेटीत बॅटऱ्या. आंबोनच्या कचेरीत भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर प्रत्येक बेटाचा एक ठिपका. चौकी उत्तर देत असेल तर हिरवा, नसेल तर लाल. लाल ठिपक्याच्या दिशेनं कुठलाही शहाणा तांडेल बोट घालत नाही.

वातुमेरेची चौकी सांभाळायचा ओम बेनोनी. तीन-चार आठवड्यांपूर्वी तिचा ठिपका लाल झाला. संस्थेचे अध्यक्ष पाक सालमोन यांनी त्याला फोनवर धारेवर धरलं. तो म्हणत राहिला की चौकी चालू आहे, दिवे लागलेत, पाती फिरतायत. ते म्हणत राहिले की थापा मारू नकोस, बॅटऱ्या विकून खाल्ल्यास. शेवटी भर वादळात तो खांबावर चढला आणि पडला. गावकऱ्यांना सापडला तेव्हा पाना मनगटाला दोरीनं बांधलेला होता.

"संस्थेचं म्हणणं, उरलंसुरलं सामान काढायला चढला होता," ओर्पा म्हणाली. "उसी दोर, माझे पापा केवांग होते."

उसी म्हणजे ताई, दोर मी. केवांग म्हणजे गावाच्या बंदीचा राखणदार. अमुक महिने नारळ पाडायचे नाहीत, तमुक खडकावर जाळं टाकायचं नाही, असं गाव ठरवतं आणि केवांग ते पाळायला लावतो. त्याचा शब्द गावात अखेरचा, आणि ती काठी बापाकडून लेकराकडे जाते. केवांगच चोर निघाला तर काठी घरातून जाते आणि नाव कायमचं काळं होतं. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर गावची पंचमंडळी बसून तेच ठरवणार होती. ओर्पाची आई त्या दिवसापासून दाराबाहेर आली नव्हती.

"आणि ठिपका?" मी विचारलं.

"पापा गेल्याची खबर आली तशी हिरवा झाला. कचेरीतले लोक म्हणतात, मेल्यावर येऊन दुरुस्त करून गेला."

मी भाताचं ताट बाजूला सारलं. मेलेल्या माणसाच्या हातात पाना देणाऱ्या लोकांवर माझा मुळीच विश्वास नाही.

२

संस्थेची कचेरी बंदराच्या मागं, मासळीच्या बर्फाच्या कारखान्याला लागून आहे. आत शिरले तर सगळे कुजबुजत बोलत होते, जणू कोणी आतल्या खोलीत आजारी आहे. पडद्यावर ठिपक्यांची रांग, आणि अगदी खाली उजवीकडे, सगळ्यांपासून लांब, वातुमेरेचा एकटा ठिपका हिरवागार. त्याच्या बरोबर खाली, जमिनीवर, बशी झाकलेला कॉफीचा कप.

"त्याच्यासाठी आहे," तांते लेन म्हणाली. "बिनसाखरेची. तशीच प्यायचा."

तांते लेन, म्हणजे लेनमावशी, पडद्यावर नजर ठेवते. साठी उलटलेली बाई, नातवंडांसाठी लोकरीचे मोजे विणत बसते. आंबोनमध्ये लोकरीचे मोजे कोण घालणार, देव जाणे. तिनं मला खुर्ची दिली आणि आवाज आणखी खाली आणला. बोटीच्या रेडिओवरून बेनोनी गेल्याची खबर आली, पाक सालमोन टोपी उचलून पास्टरांकडे धावले, ती रडत मोरीत गेली. तोंड धुऊन परत येते तर ठिपका हिरवा.

"खोलीत कोण होतं?" मी विचारलं.

"मेल्की होता, आपला तंत्रज्ञ. तोही पांढराफटक पडला होता बिचारा."

मग ती थांबली. सुया मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली की आणखी एक गोष्ट आहे, पण हसायचं नाही. मी हसत नाही, माझे विद्यार्थी साक्ष देतील. तर पडद्याशेजारी एक लॅपटॉप उघडा असतो, पांढरा, फळाच्या चिन्हाचा. त्याच्या काळ्या खिडकीत दर थोड्या वेळानं प्रत्येक चौकीला हाका जातात. पिंग म्हणतात त्याला. पाच हाका मारायच्या, ओ येते का बघायचं, त्यावर ठिपक्याचा रंग ठरतो. दुसऱ्या बेटांची ओ ओळीओळीनं उमटायची. वातुमेरेला मात्र पाचही वेळा उत्तर नाही, उत्तर नाही असंच यायचं. पण सगळ्यात खाली बेरजेची ओळ असते ना? हाका किती मारल्या, उत्तरं किती आली?

"तिथं पाच लिहिलेलं असायचं," तांते लेन म्हणाली. "वरती एकही ओ नाही आणि खाली म्हणे पाच आल्या. रोज. वर मेलेला आणि खाली जिवंत. मी मेल्कीला दाखवलं, तर म्हणाला, तांते, ते यंत्राचं गणित असतं, तू मोजे विण."

"हे बेनोनी जायच्या आधी?"

"आधी. म्हणून तर सांगत नव्हते कोणाला. त्याचं भूत तो जिवंत असल्यापासून ओ देत होतं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भुताच्या भीतीनं नव्हे. मला काहीतरी कळायला हवं होतं आणि कळत नव्हतं, आणि ती भावना मला भुतापेक्षा वाईट वाटते. मी विचारलं की लॅपटॉप कधीपासून आहे. ती म्हणाली, जुनं यंत्र खाऱ्या हवेनं गंजून बसलं तेव्हापासून. आणि मग तिचं तिलाच आठवलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"नवीन यंत्र आलं, त्याच आठवड्यात वातुमेरे लाल झाली, नाही का गं?"

३

पाक सालमोन यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः मात्र उभे राहिले. धिप्पाड माणूस, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघतात. त्यांचं म्हणणं एकच, की बेनोनीला त्यांनी भाऊ मानलं होतं आणि भावानंच दगा दिला. बॅटऱ्या काढल्या, चौकी बंद पडली, आणखी काढायला चढला, पडला. देव त्याला क्षमा करो, पण बायकोला भरपाई देता येणार नाही.

"बॅटऱ्या नाहीत हे बघितलं कोणी?" मी विचारलं.

मेल्कीनं तसा लेखी अहवाल दिलाय, ते म्हणाले. मेल्की बेटावर गेला होता का? नाही, समुद्र बंद होता. मग त्याला इथं बसून कसं दिसलं? इथं पाक सालमोन पहिल्यांदा भिंत सोडून माझ्याकडे बघू लागले. म्हणाले, मी बोटी चालवतो, यंत्रं नाही. मला तर तो लॅपटॉप उघडताही येत नाही, पुतण्यानं स्वस्तात मिळवून दिला म्हणून घेतला. ते खरं असावं, कारण नंतर मीच त्यांना चहाच्या किटलीचं बटण शोधताना पाहिलं.

मग मेल्की आला. माझाच जुना विद्यार्थी, हुशार, पण सगळं उरकायची घाई. मला बघून त्यानं वर्गात असल्यासारखे दोन्ही हात पुढे बांधले आणि आमच्याकडे बाईंना म्हणतात तसं "इबू दोर" म्हणाला. त्याच्या घरी नुकतंच बाळ झालंय. डोळ्यांखाली काळं आलं होतं, ते बाळामुळे असेल असं मला वाटलं.

मी सरळ विचारलं, की बॅटऱ्या नव्हत्या, तर मग चौकी आता उत्तर कशावर देते?

"एखादी राहिली असेल, इबू. उन्हानं चार्ज झाली असेल. जीव धरला असेल परत."

मी मान हलवली आणि निघाले. दारापर्यंत पोचले आणि मनात पाल चुकचुकली. ऊन? त्या आठवड्यात आंबोनच्या बायकांची धुणी वाळली नव्हती. बोटी किनाऱ्याला बांधलेल्या होत्या. वातुमेरेवर तर ढगांनी खांबाचं टोकही दिसत नव्हतं, असं गावकरी बोटीच्या रेडिओवरून सांगत होते. हा मुलगा कुठल्या उन्हाच्या गोष्टी करतोय?

मागं वळून बघितलं. मेल्की पडद्यासमोर उभा होता, कॉफीच्या कपापासून जरा लांब, आणि त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होता. भुताला भिणारा माणूस असा बघत नाही. तो असा बघतो, की जे आहे ते त्याला ठाऊक आहे.

४

त्या संध्याकाळी ओर्पानं तिच्या खोलीवर मला वडिलांचा शेवटचा आवाज ऐकवला. फोनवर पाठवलेला छोटासा निरोप. तिनं तो आईलासुद्धा ऐकवला नव्हता.

आधी नुसता वारा. मग म्हातारा, धापा टाकत: "ओर्पा, पापा बोलतोय. बघ गं, पोचतंय का." मग पुन्हा वारा, आणि संपलं.

तिनं तो परत लावला. तिसऱ्यांदा लावायला गेली तेव्हा मी तिच्या हातावर हात ठेवला. खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी मला सारखं वाटत होतं की दारात कोणीतरी उत्तराची वाट बघत उभं आहे.

"तू काय उत्तर दिलंस?"

ओर्पानं खाली बघत सांगितलं. ऑपरेशन चालू होतं, फोन बाहेर कपाटात. सुटली तेव्हा पाय मोडून आले होते. निरोप ऐकला आणि वाटलं, काय हे पापा, एवढ्यासाठी निरोप. रविवारी निवांत बोलू. दुसऱ्या दिवशी बोटीच्या रेडिओवरून ती खबर आली.

माझं डोकं मात्र एका बाजूला चालूच होतं, त्याला लाज नाही. मी विचारलं, त्या दिवसांत आईशी बोलणं झालं होतं का?

"कुठलं? गावच्या टॉवरचं डिझेल संपलंय. समुद्र बंद, डिझेल येणार कुठून. आठवडाभर गावातल्या कोणाशीच बोलणं नव्हतं. म्हणून तर खबर बोटीच्या रेडिओवरून..."

ती बोलता बोलता थांबली. मी तिच्याकडे बघत होते आणि ती फोनकडे.

"उसी," ती हळूच म्हणाली, "टॉवर बंद होता, तर मग हा निरोप आला कुठून?"

टॉवर बंद. समुद्र बंद. त्या बेटावरून जगात यायला एकच वाट उरली होती: चौकीच्या खांबावरची तबकडी, जी थेट आकाशातल्या उपग्रहाशी बोलते. चौकीवर वायफाय असतो, तंत्रज्ञ येतात तेव्हा वापरायला. ओम बेनोनीनं तो जन्मात वापरला नव्हता. वस्तू संस्थेची, आपण घरच्या गप्पा त्यावर मारायच्या नाहीत, असा त्याचा नेम होता. त्या दिवशी त्यानं नेम मोडला, फक्त एवढंच बघायला की आपली चौकी खरंच मेली आहे का.

"म्हणजे चौकी चालू होती," ओर्पा म्हणाली.

"ठणठणीत चालू होती. ठिपका लाल होता तेव्हाही."

तिनं फोन छातीशी धरला आणि तिला रडू फुटलं. मला माणसांचं रडणं थांबवता येत नाही. मी उठून चहा ठेवला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेले, ओर्पाला सोबत घेतलं, पाक सालमोन यांना त्यांच्या खोलीतून बाहेर बोलावलं आणि तांते लेनला म्हटलं, मोजे ठेव बाजूला. मेल्की आधीच तिथं होता. मी त्या पांढऱ्या लॅपटॉपसमोर बसले आणि हाका मारणारा प्रोग्राम थांबवला. पडद्यावरचे सगळे ठिपके करडे झाले. मेल्की एक पाऊल पुढे आला, मग तिथंच थांबला.

आमच्या धंद्यात एक सवय आहे. काळ्या खिडकीत वरच्या बाणाची कळ दाबली की आधी टाइप केलेल्या आज्ञा एकेक करून परत येतात. ज्यानं टाइप केल्या त्याला वाटतं, झालं गेलं. पण यंत्र विसरत नाही.

मी कळ दाबली. वातुमेरेला हाक, पुढे किती वेळ थांबायचं तो आकडा: पाच हजार. पुन्हा दाबली. तीच हाक, आकडा पाचशे. पुन्हा दाबली. तीच हाक, आकडा पाच.

"कोणीतरी चाचपडत गेलंय," मी म्हटलं. "पाच ठेवलं, उत्तर नाही. पाचशे ठेवलं, तरी नाही. पाच हजार ठेवलं, आणि मेलेली चौकी बोलायला लागली. पाक सालमोन, तुम्ही केलंत?"

त्यांनी मान हलवली. त्यांना मी काय म्हणते तेच कळत नव्हतं, आणि ते तोंडावर दिसत होतं.

मग मी समजावलं. हाक मारणाऱ्याला सांगावं लागतं की उत्तराची वाट किती बघायची. त्याला टाइमआउट म्हणतात. तेवढ्यात ओ आली तर माणूस आहे, नाही आली तर नाही. जुन्या यंत्रात पाच लिहिलं होतं, आणि जुनं यंत्र पाच म्हणजे पाच सेकंद समजायचं. भरपूर झाले. यंत्र गंजलं, नवीन आलं, मेल्कीनं तीच ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली. पण हे यंत्र त्याच जागी लिहिलेला पाचचा आकडा सेकंदांत मोजत नाही. सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातले पाच.

"पापणी हलत नाही तेवढ्यात," मी म्हटलं. "जवळची बेटं दोरीनं बांधल्यासारखी शहराला जोडलेली आहेत, त्यांची ओ तेवढ्यातही येते. वातुमेरेची हाक आकाशात जाते, बेटावर उतरते, परत आकाशात आणि मग इथं. अर्धा सेकंद तरी जातोच. ओम बेनोनीची चौकी प्रत्येक हाकेला ओ देत होती. ती दारात पोचायची तोवर आपण दार लावून घेतलेलं असायचं."

"आणि खालची बेरीज?" तांते लेननं विचारलं.

"हे यंत्र उशिरा आलेली ओ दाखवत नाही, तांते, पण बेरजेत धरतं. तू भूत नाही पाहिलंस. या खोलीत खरं काय ते बघणारी तू एकटीच होतीस."

तांते लेन त्या कपाकडे बघत राहिली. पाक सालमोन खुर्चीवर बसले, पहिल्यांदाच.

मी मेल्कीकडे वळले. खरं तर मला ओरडायचं होतं. वर्गात अशा चुकीला मी वही फेकली असती. पण माझा आवाज चढलाच नाही.

"चूक कोणाच्याही हातून होते. तांतेनं तुला बेरीज दाखवली तेव्हा तू हसलास, तेही समजू शकते. पण बेनोनी गेल्याचं कळल्यावर तू या खिडकीशी बसलास आणि आकडा वाढवत गेलास. का?"

मेल्की बोलला तो ओर्पाकडे बघत.

"रेडिओवर सांगितलं की मनगटाला पाना बांधलेला होता. चोरी करणारा पाना बांधून चढत नाही. मला तांतेची बेरीज आठवली. म्हटलं बघू, आपलंच काही चुकलं नसावं. देवा, चुकलेलं नसू दे, म्हणत म्हणत आकडा बदलला." त्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. "तिसऱ्या वेळी हिरवं झालं. तेव्हा मला कळलं, त्याला खांबावर कोणी चढवलं."

"आणि बॅटऱ्यांचा अहवाल?"

"लाल कशानं झालं होतं हे कोणी विचारू नये म्हणून. नोकरी जाईल वाटलं. घरात बाळ आहे, इबू."

"त्याच्याही घरात मुलं होती," ओर्पा म्हणाली. एवढंच.

६

पाक सालमोन यांचं मत पडलं की झालं ते वाईट झालं, पण बोभाटा नको. गावाला भरपाई देऊ, गप्प बसायला सांगू. मी त्यांना सांगितलं की फोनवर भावाला चोर कोणी म्हटलं, तेही मग बोलावं लागेल. त्यावर त्यांनी पुन्हा भिंतीकडे बघायला सुरुवात केली.

पण नुसत्या आमच्या सांगण्यानं गाव ऐकणार नव्हतं. आंबोनच्या कचेरीनंच चोर ठरवलं, आता तीच कचेरी साव ठरवते, असं म्हणाले असते, आणि बरोबरच म्हणाले असते. समुद्र मोकळा झाला होता आणि डिझेल घेऊन एक बोट वातुमेरेला निघाली होती. तांडेलाबरोबर मी गावच्या राजाला निरोप धाडला. आमच्याकडे गावच्या मुखियाला राजाच म्हणतात, चप्पल तुटकी असली तरी. निरोप असा: रविवारी पंचांनी चौकीच्या खांबाखालीच बसावं. आधी पेटी उघडून बॅटऱ्या डोळ्यांनी मोजाव्यात. टॉवर त्या दिवसापुरता बंदच ठेवावा, म्हणजे निरोप येईल तो चौकीवरूनच. आणि ओम बेनोनीचा फोन चार्ज करून, चौकीच्या वायफायला लावून, सगळ्यांच्या मधे ठेवावा.

रविवारी प्रार्थना आटोपून आम्ही कचेरीत जमलो. सगळे गानमंडळाच्या काळ्या-पांढऱ्या कपड्यांत, त्यामुळे कोणाच्या तरी मातीला आल्यासारखं वाटत होतं. ओम बेनोनीची माती तर आमच्यातल्या कोणालाच मिळाली नव्हती, ओर्पालाही नाही.

आधी मेल्की. त्यानं ओर्पाच्या फोनवरून, ओम बेनोनीच्या नंबरला, आपल्या तोंडानं सगळं सांगितलं. यंत्र, आकडा, बेरीज, खोटा अहवाल. मधे दोनदा अडखळला. पाक सालमोन यांनी घसा साफ केला आणि त्यांनीही आपलं वाक्य बोलून टाकलं, की बेनोनीला मी चोर म्हटलं, ते खोटं होतं. मी त्यांना लिहून दिलं नव्हतं.

मग ओर्पानं फोन स्वतःकडे घेतला. मला वाटलं ती पंचांना काही विनंती करेल. तिनं वडिलांचा तो शेवटचा निरोप उघडला, त्याच्या खाली बोट ठेवलं आणि म्हणाली:

"पोचलं, पापा. मला तेव्हाच पोचलं होतं. मी उत्तर द्यायला उशीर केला."

बोट उचललं. निरोप गेला. एक खूण उमटली.

आम्ही थांबलो. मी माझ्या आयुष्यात कुणासाठी थांबलेली नाही. बँकेच्या रांगेतून मी परत येते. पण त्या दिवशी मी खुर्चीच्या कडेवर बसून त्या एका खुणेकडे बघत राहिले. पडद्यावर तो हिरवा ठिपका तसाच होता. तांते लेनच्या सुया हातातच थांबल्या होत्या. दुसरी खूण उमटली. तिकडे, खांबाखाली, मेलेल्या माणसाचा फोन वाजला होता.

आणि मग ओर्पाच्या फोनवर, वडिलांच्या नावाखाली, अक्षरं आली: रेकॉर्ड करत आहे.

मेल्कीनं भिंतीचा आधार घेतला. पाक सालमोन यांच्या ओठांवर प्रार्थना सुरू झाली. मला सगळं ठाऊक होतं, फोन कोणाच्या हातात आहे, कसा आहे, मीच तर ठरवलं होतं. तरी माझ्या पाठीतून गार शिरशिरी गेली. ती अक्षरं जातच नव्हती. तिकडे कोणीतरी खूप वेळ बोलत होतं, किंवा बोलायचं धाडस गोळा करत होतं.

निरोप आला. ओर्पानं तो लावला. आधी वारा, तोच वारा. मग वातुमेरेच्या राजाचा म्हातारा, खरखरीत आवाज.

"ओर्पा, बाळा, पोचलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. बॅटऱ्या मोजल्या, जागच्या जागी आहेत. तुझी आई इथंच बसली आहे, तिच्या हातात काठी दिली." थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. "तुझा बाप खरं बोलत होता. आम्हीच तेवढं थांबलो नाही."

ओर्पानं फोन मांडीवर ठेवला. तांते लेन उठली, पडद्याखालचा कप उचलला, गार झालेली कॉफी मोरीत ओतली, आणि नवीन गरम करून, बिनसाखरेची, परत तिथंच ठेवली.